स्विस चार्ड : पालकाचे सख्खे भावंड

पालकाची एक जुडी समोर ठेवून 'या वनस्पतीचे शास्त्रीय नाव काय?' असे विचारले, तर बहुतेक ठिकाणी 'स्पिनॅशिया ओलेरेशिया' असे उत्तर येते. कित्येक तक्त्यांवर तसे छापलेलेही असते. पण आपल्या मंडईत गुळगुळीत, जाडसर पानांचा जो पालक जुडीने विकला जातो, तो बहुधा स्पिनॅशिया नसतोच. तो असतो 'बीटा व्हल्गॅरिस', म्हणजे चक्क बीट! फक्त हे बीट मुळासाठी नव्हे, तर पानासाठी वाढवलेले असते.

ही गोष्ट आम्हाला पुस्तकात वाचून माहीत होती; पण ती पटली मात्र कुंडीत. गच्चीवर एका कुंडीत आम्ही स्विस चार्ड नावाची परदेशी पालेभाजी लावली आणि शेजारच्या कुंडीत नेहमीचा पालक. बी पाहिले तर दोन्ही सारखेच, खडबडीत आणि तपकिरी. रोपे दोन पानांवर आली तेव्हा कुंडीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय कोणते कोणाचे, हे सांगता येईना. पुढे महिनाभरात चार्डचे देठ रुंद होऊ लागले आणि मगच दोघांचे चेहरे वेगळे झाले. परसबागेत सहज वाढणाऱ्या या भाजीच्या निमित्ताने वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि आहारशास्त्र या तिन्हींचे धडे कसे घेता येतील, ते या लेखात पाहू.

एक जात, अनेक रूपे

युरोपच्या अटलांटिक आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर खाऱ्या वाऱ्यात वाढणारे रानबीट हा या साऱ्या घराण्याचा मूळपुरुष. माणसाने त्यातून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून वेगवेगळी पिके घडवली. मुळावर लक्ष ठेवले तेव्हा कोशिंबिरीचे लाल बीट मिळाले. साखरेवर लक्ष ठेवले तेव्हा शर्कराबीट मिळाले. बीटातली साखर आणि उसातली साखर एकच आहे, हे आंद्रेआस मारग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७४७ साली दाखवले. त्यांचे शिष्य फ्रांझ आखार्ड यांनी १८०१-०२ च्या सुमारास सायलेशियात (हा भाग आता पोलंडमध्ये आहे) बीटसाखरेचा पहिला कारखाना काढला. आणि रुंद देठ व मोठी पाने यांवर लक्ष ठेवून निवड केली तेव्हा मिळाला चार्ड.

नावात 'स्विस' असले तरी या भाजीचे मूळ स्वित्झर्लंडमध्ये नाही. फ्रान्समध्ये हिला 'ब्लेट' म्हणतात. तिथल्या नीस शहरात तर ही पाने, बेदाणे आणि चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे घालून गोड 'तूर्त' करतात. ऑस्ट्रेलियात हिचे नाव 'सिल्व्हरबीट'. दक्षिण आफ्रिकेत तिला सरळ 'स्पिनच' म्हणतात. तेव्हा पालक नेमके कोणाला म्हणायचे, हा घोटाळा केवळ आपल्याकडेच आहे असे नाही.

आपल्या देशी पालकाला विल्यम रॉक्सबर्ग यांनी 'बीटा बेंगालेन्सिस' असे नाव दिले होते. आता तो बीटा व्हल्गॅरिसचाच एक प्रकार मानला जातो. 'ऑल ग्रीन' आणि 'पुसा ज्योती' हे प्रसिद्ध वाण याच प्रकारातले. 'पुसा हरित' हा वाण तर शर्कराबीट आणि स्थानिक पालक यांच्या संकरातून निवडलेला आहे. दोघांचा संकर होऊन त्याची पुढची पिढी शेतात नांदते, याहून जवळच्या नात्याचा पुरावा कोणता हवा? बीटा कुटुंबाच्या पेशीत १८ गुणसूत्रे असतात. खऱ्या स्पिनॅशियात १२. त्या स्पिनॅशियाला आपल्याकडे 'विलायती पालक' म्हणतात. 'व्हर्जिनिया सेव्हॉय' हा त्याचा एक वाण.

वर्गात हे दोन पालक ओळखायचे कसे? एखादे रोप न तोडता फुलावर येऊ द्यावे आणि फुले भिंगाखाली पाहावीत. बीटा गटात प्रत्येक फूल उभयलिंगी असते. पाच पुंकेसर आणि मधोमध बीजांडकोश. स्पिनॅशियात नराची झाडे वेगळी आणि मादीची वेगळी असतात. विद्यार्थ्यांनी स्वतः पाहून तक्त्यावरचे नाव दुरुस्त केले, तर त्याचा आनंद काही वेगळाच असतो.

'बी' नव्हे, फळांचा गुच्छ

चार्डच्या बियांचे पाकीट उघडले की मिरीएवढे खडबडीत दाणे दिसतात. आपण त्यांना बी म्हणतो खरे, पण तो दोन-चार फळांचा एकत्र चिकटून वाळलेला गुच्छ असतो. त्यामुळे एका दाण्यातून दोन, तीन, कधी चार रोपेही उगवतात. नेहमीच्या पालकातही हेच दिसते.

बागेत याचे काही वाटत नाही; पण युरोप-अमेरिकेतल्या शर्कराबीटाच्या शेतकऱ्यांना हा गुच्छ फार महागात पडे. एका जागी उगवलेल्या झुबक्यातून एकच रोप ठेवून बाकीची हाताने उपटावी लागत आणि त्यासाठी मजुरांना तासन्‌तास वाकून काम करावे लागे. व्ही. एफ. सॅवित्स्की या संशोधकाला १९४८ साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या एका शेतात एका दाण्यात एकच बी धरणारी मोजकी पाच झाडे सापडली. त्यांच्यापासून एकबीजी वाण तयार झाले आणि विरळणीचे ते कष्ट संपत गेले. हजारो झाडांतून पाच झाडे वेगळी आहेत हे ज्याच्या नजरेला दिसले, त्या नजरेचे मोल आपण विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

या गुच्छाच्या सालीत अंकुरण रोखणारी, पाण्यात विरघळणारी द्रव्ये असतात. रानात याचा उपयोग होतो : पुरेसा पाऊस पडून ती धुऊन गेल्याशिवाय बी उगवत नाही, आणि एखाद्या चुकार सरीने फसत नाही. याचा सोपा प्रयोग असा. वीस दाणे रात्रभर पाण्यात ठेवा आणि मधूनमधून पाणी बदला. दुसरे वीस कोरडेच राहू द्या. दोन्ही गट वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवा आणि दहा दिवस रोज मोजणी करा. कोणत्या गटात अंकुर लवकर आले? वीस दाण्यांतून एकूण अंकुर किती? एका दाण्यामागे सरासरी किती? गणिताच्या शिक्षकांनाही यात काम आहे.

परसातली लागवड

महाराष्ट्राच्या बऱ्याचशा भागात ऑक्टोबर-नोव्हेंबर हा चार्ड पेरण्याचा उत्तम काळ. पंचवीस ते तीस सेंटिमीटर खोल, तळाला भोक असलेली कुंडी किंवा जुना डबा चालतो. माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी वाळू असे मिश्रण घ्यावे. भिजवलेले दाणे दीड-दोन सेंटिमीटर खोल पेरावेत. रोपे चार पानांवर आली की प्रत्येक ठिकाणचे एक जोमदार रोप ठेवून बाकीची उपटावीत. उपटलेली कोवळी रोपे आमटीत जातात, वाया जात नाहीत. जमिनीत दोन रोपांत पंचवीस-तीस सेंटिमीटर अंतर हवे. दिवसाकाठी चार-पाच तास ऊन पुरते. उन्हाळ्याच्या तोंडाशी दुपारची सावली दिली तर पाने अधिक काळ कोवळी राहतात.

पालक महिन्याभरात कापणीला येतो. चार्डला पहिल्या तोड्यासाठी पन्नास ते साठ दिवस लागतात. पण नंतर तो महिनोन्‌महिने पाने देतो. त्यासाठी तोडण्याची पद्धत समजून घ्यायला हवी. झाडाचा वाढीचा बिंदू रोपाच्या मध्यभागी असतो आणि नवी पाने तिथेच जन्मतात. म्हणून सर्वांत जुनी पाने नेहमी बाहेरच्या बाजूला असतात. बाहेरची दोन-तीन पाने देठासकट बुंध्यापासून तोडावीत आणि आतला गाभा सुखरूप ठेवावा. गाभा कापला की कारखानाच बंद!

पानांवर राखाडी मध्य आणि तांबूस कडा असलेले गोल ठिपके दिसले, तर तो सर्कोस्पोरा या बुरशीचा रोग समजावा. अशी पाने काढून टाकावीत, रोपांत अंतर ठेवावे, आणि पाणी सकाळी मातीला द्यावे, पानांवर ओतू नये. मावा पडला तर तो पाण्याच्या धारेने धुऊन काढावा. भाजी खायची आहे हे लक्षात ठेवून जहाल औषधांपासून दूरच राहावे.

आपल्याकडे चार्डला सहसा फुले येत नाहीत, याचेही अनेकांना नवल वाटते. तो द्विवर्षायू आहे. पहिल्या वर्षी पाने आणि मुळे वाढवायची, कडाक्याच्या थंडीचे काही आठवडे सोसायचे आणि मग दुसऱ्या वर्षी फुलायचे, असा त्याचा क्रम. पुण्या-नाशिकची थंडी या हिशेबात कमीच पडते. देशी पालकाला मात्र अशा कडक थंडीची गरज नसते. म्हणून तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या अंगणातच तुरे काढतो आणि त्याचे बी मैदानी प्रदेशातच तयार करता येते. थंडी मागणाऱ्या भाज्यांच्या बियाण्यासाठी हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यासारख्या जागा शोधाव्या लागतात.

एक सावधगिरी. या कुळातील पाने मातीतले कॅडमिअमसारखे विषारी धातू सहज उचलतात. म्हणून गटाराच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावर ही भाजी कधीही वाढवू नये. घरच्या भाजीचा मोठा फायदा तो हाच : पाणी कुठले, हे आपल्याला माहीत असते.

देठाचा रंग

चार्डचे देठ पांढरे, पिवळे, केशरी, गुलाबी, गडद लाल अशा अनेक रंगांत मिळतात. हे रंग 'बीटालेन' या रंगद्रव्यांचे. बीटावरूनच त्यांना हे नाव पडले आहे. त्यांच्या रेणूत नायट्रोजन असतो. जांभूळ, कोकम, जास्वंद यांचा रंग मात्र 'अँथोसायनिन' या अगदी वेगळ्या द्रव्यांचा असतो. निसर्गातील गंमत अशी, की जी वनस्पती बीटालेन बनवते ती अँथोसायनिन बनवत नाही. लाल माठ, राजगिरा, गुलबक्षी आणि बोगनवेल ही सारी बीटालेनवाली मंडळी.

हे पडताळून पाहता येते. जास्वंदीच्या पाकळ्या आणि बीटाच्या किंवा लाल देठाच्या फोडी वेगवेगळ्या पाण्यात कुस्करून रंगीत पाणी काढा. प्रत्येकात लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा वेगवेगळा घालून पाहा. जास्वंदीचे पाणी आम्लात लालभडक होते आणि सोड्यात हिरवट-निळसर. बीटाच्या पाण्यात फारसा फरक पडत नाही. धुण्याचा सोडा घातला तर मात्र ते हळूहळू पिवळे पडते. (धुण्याचा सोडा शिक्षकांनीच हाताळावा.) एकच लाल रंग डोळ्यांना सारखा दिसला तरी रसायन वेगळे असू शकते, हा धडा इथे आपोआप मिळतो.

कढईतले रसायनशास्त्र

आता स्वयंपाकघरात येऊ. चार्डच्या पानात शेकडा ९२-९३ भाग पाणीच असते. उष्णतेने पेशींची आवरणे ढिली पडतात, पाणी सुटते आणि टोपलीभर भाजीची मूठभर होते. म्हणून कच्च्या ढिगाकडे पाहून मीठ घातले की भाजी खारट होते. चार्डच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. कारण त्याच्या १०० ग्रॅम कच्च्या पानांत सुमारे २१० मिलिग्रॅम सोडिअम मुळातच असते. समुद्रकिनाऱ्यावरच्या पूर्वजाची ही आठवण! ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारावे, कारण या पानांत 'के' जीवनसत्त्व भरपूर असते.

शिजताना हिरवा रंग का मळतो? हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशिअमचा अणू असतो. (हरितद्रव्यासह वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामासाठी रिखार्ड विल्श्टेटर यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) पाने तापली की त्यांतील आम्ले मोकळी होतात आणि मॅग्नेशिअमची जागा हायड्रोजन घेतो. तयार होणारे फिओफायटिन मळकट हिरवे-तपकिरी असते. झाकण न ठेवता थोडाच वेळ शिजवले तर उडून जाणारी आम्ले वाफेबरोबर निघून जातात आणि रंग टिकतो. चिमूटभर सोडा घातला तरी रंग टिकतो. पण भाजीचा लगदा होतो आणि 'क' व 'ब-१' ही जीवनसत्त्वे नष्ट होतात. तेव्हा हा उपाय प्रयोगापुरताच ठेवावा. चिंच किंवा ताक शेवटी घालण्याची आपल्याकडची रीत या रसायनशास्त्राला धरूनच आहे.

या कुळातल्या पानांत ऑक्झॅलिक आम्लही बरेच असते. पालक खाल्ल्यावर दातांना जो खरखरीतपणा जाणवतो, त्याचे कारण हेच. त्याचा काही भाग विद्राव्य असतो, तर काही कॅल्शिअम ऑक्झॅलेटच्या अविद्राव्य स्फटिकांच्या रूपात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार्डसह विविध भाज्या उकळल्यावर विद्राव्य ऑक्झॅलेट शेकडा ३० ते ८७ इतके कमी झाले. नुसत्या वाफवण्याने ५ ते ५३. अर्थात उकळलेले पाणी टाकले की त्याबरोबर काही जीवनसत्त्वे आणि पोटॅशिअमही जाते. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी ते पाणी टाकावे. इतरांनी रोजच्या माफक खाण्यात त्याची फार धास्ती घेऊ नये.

ताकातली भाजी आणि देठी

चार्ड शिजवताना पाने आणि देठ वेगळे करावेत, कारण देठांतील धागे शिजायला जास्त वेळ लागतो.

पानांची ताकातली पातळ भाजी उत्तम होते. मूठभर हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे भिजवून शिजवून घ्यावेत. चिरलेली पाने उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे उघडीच शिजवून निथळावीत आणि घोटावीत. दोन वाट्या ताकात दोन चमचे बेसन गुठळ्या न होता कालवून ते पानांत घालावे, डाळ-दाणे घालावेत आणि मंद आचेवर ढवळत एक उकळी आणावी. बेसनातले पिष्ट ताकातल्या प्रथिनांना एकमेकांना चिकटून गोळा होऊ देत नाही, म्हणून ताक फाटत नाही. वरून तेलाची, लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी. ही फोडणी केवळ चवीसाठी नाही. पानांतले कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषले जाते. ताकातल्या कॅल्शिअमचाही उपयोग होतो. ते आतड्यातच ऑक्झॅलेटला धरून ठेवते आणि त्यामुळे रक्तात जाणारे ऑक्झॅलेट कमी होते.

देठांची, अळूच्या देठांची करतात तशी 'देठी' करावी. बारीक चिरून सात-आठ मिनिटे उकडावेत, निथळून गार करावेत, त्यात दही, हिरवी मिरची, किंचित साखर आणि चवीपुरते मीठ घालावे, वर हिंग-मोहरीची फोडणी. लाल देठ घेतले तर दह्याला सुरेख गुलाबी रंग येतो.

'पालक खा, रक्त वाढेल'?

शेवटी एका महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींमध्ये रक्तक्षय आढळला. आपल्या वर्गातल्या मुलींपैकी अनेक जणी यात असणार. अशा मुलीला आपण सहज सांगतो, 'पालक खा, रक्त वाढेल.' हा सल्ला कितपत खरा?

हिशेब करू. चार्डच्या १०० ग्रॅम पानांत सुमारे १.८ मिलिग्रॅम लोह असते; पालकातही साधारण दोन-तीन मिलिग्रॅमच. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवे. म्हणजे १०० ग्रॅम चार्डमधून गरजेच्या शेकडा सहा भागच मिळतो, आणि वनस्पतींतले लोह शरीरात थोडेसेच शोषले जाते. कॅल्शिअमचेही तसेच. १९८८ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दुधातले कॅल्शिअम शेकडा सुमारे २७ इतके शोषले गेले, तर पालकातले फक्त ५. पानात किती आहे आणि अंगी किती लागते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मग पालेभाजी खाऊच नये काय? असा अर्थ मुळीच नाही. फॉलिक आम्ल, कॅरोटीन, 'क' जीवनसत्त्व आणि तंतू यांसाठी ती रोज हवी. जेवताना लिंबू पिळले किंवा सोबत पेरू, आवळा खाल्ला तर लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागून चहा घेतला तर कमी होते. एवढी माहिती घरोघरी पोहोचली तरी मोठे काम होईल. पण रक्तक्षय झालेल्या मुलीचे रक्त केवळ भाजीने भरून निघणार नाही. तिला तपासणी आणि औषध हवे. शाळेतून आठवड्याला दिली जाणारी लोह-फॉलिक आम्लाची निळी गोळी ती 'आमच्याकडे रोज पालक असतो' म्हणून बाजूला ठेवत असेल, तर आपल्या अर्धवट सल्ल्याने तिचे नुकसानच केले, असे म्हणावे लागेल.

म्हणून शाळेच्या परसबागेत चार्डचा आणि पालकाचा एक-एक वाफा जरूर लावावा. बी मोजावे, फूल पाहावे, रंग तपासावा, ताकातली भाजी सर्वांनी मिळून खावी. आणि त्या मुलीला सांगावे : 'भाजी खा, वर लिंबू पिळ, आणि गोळीही घे.'